विश्लेषण : थंड हवेचा समज मोडणारा माणूस! जेम्स नीलसन यांचा एअर हीटर आणि पेटंटमधले एक वाक्य

भट्टीत फुंकायची हवा आधी गरम करून घ्यावी, ही कल्पना आज साधी वाटते. दोनशे वर्षांपूर्वी ती लोखंडाच्या धंद्यातील जवळपास सर्वांनाच चुकीची वाटत होती. ग्लासगोच्या गॅस कारखान्यात काम करणाऱ्या, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या एका माणसाने ती खरी करून दाखवली. जेम्स ब्यूमाँट नीलसन हे त्यांचे नाव. त्यांच्या एअर हीटरमुळे एक टन कच्च्या लोखंडासाठी लागणारा कोळसा आठ टनांवरून सव्वादोन टनांवर आला आणि स्कॉटलंडच्या उद्योगाचे चित्र पालटले. मात्र पेटंटमध्ये त्यांनी लिहिलेल्या एका वाक्याने हे सारे श्रेय आणि उत्पन्न जवळपास हिरावले जाणार होते. ते वाक्य होते एअर हीटरच्या आकाराबद्दल. उष्णता वहनाचे शास्त्र आज त्याबद्दल काय सांगते, याचाही हा आढावा.

कोण होते नीलसन?

जेम्स नीलसन यांचा जन्म 22 जून 1792 रोजी ग्लासगोजवळच्या शेटलस्टन या गावी झाला. वडील वॉल्टर कोळशाच्या खाणीवरील वाफेची इंजिने सांभाळत. घरची परिस्थिती बेताची. चौदा वर्षांचे होण्याआधीच जेम्स यांची शाळा सुटली आणि इंजिनावर हाताखालचे काम सुरू झाले. पुढे थोरले बंधू जॉन यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. अर्विन येथील एका खाणीवर त्यांना इंजिन दुरुस्ती आणि देखभालीची नोकरी मिळाली, लग्न झाले, संसार सुरू झाला. पण मालकाचा धंदाच बुडाला आणि नोकरी गेली.

1817 मध्ये ग्लासगो शहरात नवा गॅस कारखाना उभा राहत होता. कोळसा बंद भांड्यात तापवून निघणारा वायू रस्त्यांवरच्या आणि घरांतल्या दिव्यांना पुरवायचा, असे त्याचे काम. वयाच्या पंचविसाव्या वर्षी नीलसन तिथे फोरमन म्हणून रुजू झाले. गॅस कारखान्याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. पाच वर्षांत ते त्याच कारखान्याचे व्यवस्थापक आणि अभियंता झाले आणि एकूण तीस वर्षे तिथे राहिले.

या काळात त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, स्वतः अँडरसन विद्यापीठातल्या वर्गांना जाऊन रसायन आणि भौतिकशास्त्र शिकले. दुसरी, कारखान्यातल्या कामगारांसाठी एक संस्था काढली. तिथे वाचनालय होते, व्याख्याने होत, प्रयोगांची सोय होती. सुरुवातीला कामगार फारसे उत्सुक नव्हते. शिकण्यापेक्षा दारूच्या गुत्त्याची ओढ अनेकांना जास्त होती. नीलसन यांनी नेट धरला आणि संस्था वाढली. स्वतःला जे उशिरा मिळाले ते इतरांना वेळेवर मिळावे, हा त्यांचा आग्रह आयुष्यभर टिकला.

हिवाळ्यात भट्टी चांगली का चालते?

खनिजापासून लोखंड काढण्यासाठी झोतभट्टी वापरतात. वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकायची. खालून नळ्यांवाटे जोराने हवा सोडायची. लोहाराच्या भात्याचेच हे मोठे रूप. त्या काळी ही हवा बाहेरच्या तापमानाची, म्हणजे थंडच असे.

लोखंडाच्या कारखानदारांचा एक पक्का अनुभव होता : भट्टी हिवाळ्यात चांगली चालते, उन्हाळ्यात रुसते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, हवा जितकी थंड तितके लोखंड उत्तम. त्यामुळे काही ठिकाणी झोताची हवा पाण्यावरून नेऊन गार केली जाई, तर काही ठिकाणी हवेच्या टाक्यांना ऊन लागू नये म्हणून पांढरा रंग दिला जाई.

निरीक्षण बरोबर होते, कारण चुकीचे होते. उन्हाळ्याच्या हवेत बाष्प जास्त असते. ते बाष्प तापलेल्या कोकवर आदळले की त्याचे विघटन होते आणि त्यात भट्टीतली बरीच उष्णता खर्ची पडते. शिवाय थंड हवा घन असते, त्यामुळे भात्याच्या प्रत्येक ठोक्याला जास्त प्राणवायू आत जातो. म्हणजे फायदा थंडीचा नव्हता. कोरडेपणाचा आणि घनतेचा होता. पण हे कोणी तपासून पाहिले नव्हते.

गॅस कारखान्याचा माणूस भट्टीकडे कसा वळला?

1820 च्या दशकाच्या मध्यावर एका लोखंड कारखानदाराने नीलसन यांना विचारले की, तुम्ही गॅस शुद्ध करता तशी भट्टीत जाणारी हवा शुद्ध करता येईल का? उन्हाळ्यात हवेत गंधक वाढतो आणि म्हणून लोखंड बिघडते, अशी त्याची समजूत होती. नीलसन यांना ते पटले नाही. दोष गंधकाचा नसून प्राणवायू कमी पडण्याचा आणि बाष्पाचा असावा, असा त्यांचा कयास होता. ग्लासगोच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यांनी या विषयावर निबंधही वाचला.

त्यानंतर दुसरा प्रश्न आला. मुअरकर्क येथील एका भट्टीपासून हवा फुंकणारे इंजिन जवळपास अर्धा मैल दूर होते आणि तिथून येताना झोताचा जोर कमी पडत होता. नीलसन यांना वाटले, वाटेत भट्टीजवळ ही हवा तापवली तर ती प्रसरण पावेल आणि जोर वाढेल. हा विचार पूर्ण बरोबर नव्हता. आकारमान वाढले म्हणून प्राणवायू वाढत नाही. पण त्यामुळे त्यांनी प्रयोग केला, आणि प्रयोगाने भलतेच काही दाखवले.

गॅसच्या ज्योतीभोवती गरम हवा सोडली, तर ज्योत जास्त प्रखर झाली. लोहाराच्या साध्या भट्टीत भात्याची हवा तापवलेल्या नळीतून सोडली, तर निखारे थंड हवेपेक्षा जास्त तेजाने फुलले. थंड हवेच्या बाजूने असलेल्या साऱ्या धंद्याच्या समजुतीविरुद्ध हा पुरावा होता.

आता तो मोठ्या भट्टीवर तपासायचा होता. इथे अडचण आली. चालू झोतभट्टी बंद पडणे म्हणजे मोठे नुकसान. एका गॅसवाल्याच्या कल्पनेपायी आपली हवेची नळी कापू द्यायला कोणी तयार होईना. शेवटी क्लाइड आयर्नवर्क्सचे कॉलिन डनलॉप आणि डंडिव्हनचे जॉन विल्सन हे दोन कारखानदार पुढे आले. पावसात न भिजणाऱ्या कापडासाठी ज्यांचे नाव आजही घेतले जाते, ते चार्ल्स मॅकिंटॉश हेही भागीदार झाले. 1828 मध्ये पेटंट घेण्यात आले.

पहिला एअर हीटर कसा होता?

क्लाइड आयर्नवर्क्समध्ये बसवलेला पहिला हीटर म्हणजे घडीव लोखंडाची एक पेटी होती. सुमारे चार फूट लांब, तीन फूट उंच आणि दोन फूट रुंद. खाली शेगडी, वर पेटी. एका बाजूने थंड हवा आत, दुसऱ्या बाजूने गरम हवा भट्टीकडे. यातून हवा सुमारे 200 अंश फॅरनहाइट, म्हणजे 93 अंश सेल्सिअसपर्यंत तापली. एवढ्यानेही भट्टीत फरक दिसला. पण पेटीचा पत्रा आगीने लवकर खाल्ला गेला.

दुसऱ्या टप्प्यात बिडाची भांडी आली. गॅस कारखान्यातल्या कोळसा तापवण्याच्या भांड्यांसारखी ती होती. तापमान 280 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 138 अंश सेल्सिअसपर्यंत गेले. तिसऱ्या टप्प्यात नीलसन यांनी पेटी आणि भांडे हा विचारच सोडला. बिडाच्या अनेक नळ्या एका भट्टीत ओळीने बसवल्या आणि हवा त्या नळ्यांतून नेली. तापमान थेट 600 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 315 अंश सेल्सिअसवर पोहोचले.

पेटी, भांडे, मग नळ्या. चार-पाच वर्षांचा हा प्रवास हाताने, चुकत-माकत झाला. त्यामागचे गणित त्यांच्याकडे नव्हते, कारण तेव्हा ते कोणाकडेच नव्हते.

पेटीपेक्षा नळ्या का सरस?

धातूच्या भिंतीपलीकडच्या हवेला मिळणारी उष्णता तीन गोष्टींवर ठरते : भिंतीचे क्षेत्रफळ, दोन्ही बाजूंच्या तापमानातील फरक, आणि प्रत्येक चौरस मीटरमधून दर अंश फरकाला किती उष्णता पलीकडे जाते हा गुणांक. तिघांचा गुणाकार म्हणजे मिळणारी उष्णता. एअर हीटरचा आराखडा आजही याच गुणाकाराने सुरू होतो.

समजा, दर सेकंदाला एक किलो हवा 15 अंशांवरून 315 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आहे. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे 300 अंशांसाठी दर सेकंदाला 300 किलोज्यूल, अर्थात 300 किलोवॅट. आगीचा धूर आणि हवा यांच्या तापमानात सरासरी 500 अंशांचा फरक आहे आणि गुणांक 20 वॅट आहे, असे धरू. मग लागणारे क्षेत्रफळ येते 30 चौरस मीटर.

आता नीलसन यांची पहिली पेटी घ्या. तिच्या सहाही बाजू मिळून क्षेत्रफळ भरते जेमतेम 4.8 चौरस मीटर. गरज आणि पुरवठा यात सहापटींहून जास्त तफावत. शेगडी कितीही पेटवली तरी ही तूट भरून निघत नाही. उलट पत्राच जळून जातो. नेमके तेच क्लाइडमध्ये घडले.

तेवढेच आकारमान नळ्यांमध्ये वाटले की चित्र बदलते. 164 लिटर मावतील असा घनाकृती डबा केला, तर त्याचे पृष्ठफळ सुमारे 1.8 चौरस मीटर. तेच 164 लिटर 10 सेंटिमीटर व्यासाच्या नळीत बसवले, तर नळी सुमारे 21 मीटर लांब होते आणि तिचे पृष्ठफळ साडेसहा चौरस मीटरवर जाते. हवा तेवढीच मावते, तापणारी भिंत साडेतीनपट होते.

दुसरा फायदा वेगाचा. मोठ्या पेटीत हवा संथ असते. भिंतीला चिकटलेला हवेचा पातळ थर जागचा हलत नाही आणि तो गोधडीसारखा उष्णता अडवतो. मधली हवा तर भिंतीला न शिवताच बाहेर पडते. नळीत हवा वेगाने आणि खळबळत जाते, त्यामुळे हा थर पातळ होतो. अशा खळबळत्या प्रवाहात वेग दुप्पट केला तर उष्णता वहनाचा गुणांक सुमारे पावणेदोन पट होतो.

मग नळ्या आणखी बारीक का करू नयेत? कारण त्याची किंमत मोजावी लागते. वेग दुप्पट झाला की नळीतले घर्षण जवळपास चौपट होते. म्हणजे हवा फुंकणाऱ्या इंजिनावर बोजा वाढतो. एअर हीटरचा आराखडा म्हणजे या दोन बाजूंमधली तडजोड : उष्णता जास्त मिळावी आणि दाब कमी खर्ची पडावा.

तिसरा मुद्दा धातूचा. बिडाची तीन मीटर लांबीची नळी 500 अंशांनी तापली की सुमारे 16 मिलिमीटरने वाढते. दोन्ही टोके पक्की आवळली असतील तर ती तडकते. म्हणून पुढच्या काळात नळ्या उलट्या ‘यू’ अक्षरासारख्या वाकवून बसवू लागले, म्हणजे त्यांना वाढायला वाव मिळे. झोत गरम झाल्यावर भट्टीच्या तोंडाशी असलेली नळीही वितळू लागली. त्यावर जॉन कॉन्डी यांनी पाण्याने गार राहणारी झोतनळी तयार केली.

कोळसा किती वाचला?

थॉमस क्लार्क या रसायनशास्त्रज्ञांनी क्लाइड आयर्नवर्क्सच्या नोंदींवरून आकडे मांडले. 1829 च्या पहिल्या सहा महिन्यांत, थंड झोतावर, एक टन कच्च्या लोखंडासाठी कोक करायला 8.06 टन कोळसा लागत होता. 1830 च्या पहिल्या सहा महिन्यांत, झोत 300 अंश फॅरनहाइटच्या आसपास असताना, हा आकडा 5.16 टनांवर आला. हवा तापवायला लागणारा सुमारे 0.4 टन कोळसा धरला तरी प्रत्येक टनामागे अडीच टन कोळसा वाचला. 1833 मध्ये झोत 600 अंशांवर गेला आणि कोक करण्याची गरजच उरली नाही. कच्चा कोळसा थेट भट्टीत टाकता येऊ लागला. तेव्हा भट्टीतला खप होता 2.26 टन.

इथे एक शंका येते. हवा तापवायला 0.4 टन कोळसा जाळून भट्टीत त्याच्या कितीतरी पट कसा वाचतो? उत्तर असे की, भट्टीत केवळ उष्णता असून भागत नाही, ती पुरेशा वरच्या तापमानाची लागते. लोखंड आणि मळी वितळवण्याचे काम एका ठरावीक तापमानाच्या वरच होते. थंड झोतामुळे कोक जळून निघालेल्या उष्णतेचा मोठा वाटा हवेला त्या तापमानापर्यंत चढवण्यातच संपतो. कामाला उरते ती वरची थोडी शिल्लक. हवा आधीच गरम असेल तर ही शिल्लक झपाट्याने वाढते. शिवाय कोक कमी लागला की हवाही कमी लागते आणि धुराबरोबर निघून जाणारी उष्णताही घटते.

परिणाम दूरवर झाला. स्कॉटलंडमध्ये ‘ब्लॅकबँड’ नावाचे कोळसामिश्रित लोहखनिज विपुल होते. डेव्हिड मशेट यांनी ते 1801 मध्ये शोधले होते, पण थंड झोतावर त्याचा फारसा उपयोग होत नव्हता. गरम झोताने ते सोने ठरले. 1830 मध्ये सुमारे 37 हजार 500 टन असलेले स्कॉटलंडचे कच्च्या लोखंडाचे उत्पादन 1845 पर्यंत पावणेपाच लाख टनांच्या घरात गेले. वेल्समध्ये 1837 मध्ये जॉर्ज क्रेन यांनी गरम झोताच्या जोरावर अँथ्रासाइट हा कठीण कोळसा भट्टीत वापरून दाखवला. त्यांचे सहकारी डेव्हिड थॉमस यांनी हे तंत्र अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला नेले आणि 1840 मध्ये तिथे तशी भट्टी सुरू झाली.

पेटंटमधले ते वाक्य कोणते?

नीलसन आणि भागीदारांनी परवान्याचा दर ठेवला होता टनामागे एक शिलिंग. जास्तीत जास्त कारखान्यांनी तो घ्यावा म्हणून तो मुद्दाम कमी ठेवला होता. सुरुवातीला अनेकांनी पैसे दिले. उत्पादन वाढले तशी ही रक्कम मोठी दिसू लागली आणि काही कारखानदारांनी पैसे थांबवले. त्यांचे म्हणणे, हे पेटंट मुळातच टिकणारे नाही.

कारण पेटंटचा मजकूर फार थोडक्यात होता. हवा फुंकणारे यंत्र आणि भट्टी यांच्यामध्ये एक बंद पात्र ठेवावे आणि ते बाहेरून तापवावे, एवढेच त्यात होते. पात्राच्या मापाबद्दल लिहिले होते की, लोहाराच्या भट्टीला सुमारे 1200 घन इंच आणि बीड वितळवण्याच्या भट्टीला सुमारे 10 हजार घन इंच पुरे. आज मोजले तर अनुक्रमे 20 आणि 164 लिटर. आणि पुढे लिहिले होते की, पात्राचा आकार कसाही असला तरी परिणामात फरक पडत नाही.

उष्णता वहनाच्या दृष्टीने पाहिले तर हे वाक्य चुकीचे आहे. मजकुरात आकारमान दिले होते, आणि उष्णता ठरते पृष्ठफळावर. नीलसन यांच्याच नळ्यांनी पुढे दाखवून दिले की आकाराने खूप फरक पडतो. प्रतिवादींच्या वकिलांनी नेमके यावर बोट ठेवले. पेटंटधारक स्वतःच चुकीची माहिती देतो, आणि उरलेली केवळ एक कल्पना आहे. कल्पनेचे पेटंट होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पण या वाक्याला दुसरी बाजूही होती. नीलसन यांनी पेटंटमध्ये पेटीचा विशिष्ट आकार लिहिला असता, तर नळ्या वापरणारा कोणीही हे वेगळे यंत्र आहे म्हणून सुटला असता. संदिग्धपणानेच त्यांचा हक्क रुंद ठेवला होता, आणि त्याच संदिग्धपणाने तो धोक्यात आला होता.

न्यायालयाने काय ठरवले?

1841 मध्ये लंडनच्या एक्सचेकर न्यायालयात नीलसन विरुद्ध हारफर्ड हा खटला चालला. ज्युरीने मोठा नेमका निष्कर्ष दिला. आकारामुळे परिणाम किती होतो यात फरक पडतो, हे त्यांनी मान्य केले. पण कोणत्याही आकाराच्या पात्राने काहीतरी उपयुक्त परिणाम होतोच, आणि सामान्य कुशल कारागीर पेटंट वाचून असे पात्र बनवू शकतो, असेही सांगितले. न्यायाधीश बॅरन पार्क यांच्या निकालपत्रानुसार, हे निव्वळ कल्पनेचे पेटंट नव्हते. यंत्र आणि भट्टी यांच्यामध्ये तापवलेले पात्र बसवून त्या कल्पनेला प्रत्यक्षात आणण्याची ती पद्धत होती. निकाल नीलसन यांच्या बाजूने लागला.

स्कॉटलंडमध्ये लढाई आणखी तीव्र झाली. गार्टशेरीचे बेअर्ड बंधू हे गरम झोतावर सर्वाधिक मोठे झालेल्या कारखानदारांपैकी होते. त्यांनी आधी परवाना घेतला होता, मग पैसे थांबवले. 1843 मध्ये एडिंबरोत मोठा खटला झाला. साक्षीदारांची रीघ लागली. तिथेही नीलसन जिंकले. पेटंटची चौदा वर्षांची मुदत तोवर संपली होती, पण थकलेली रक्कम वसूल होण्याचा मार्ग मोकळा झाला.

नीलसन विरुद्ध हारफर्ड हा निकाल तिथेच थांबला नाही. निसर्गाचा नियम आणि त्यावर आधारलेले यंत्र यांतली रेषा कुठे आखायची, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1854 मध्ये मोर्स यांच्या तारायंत्राच्या खटल्यात त्याचा आधार घेतला. संगणकाशी संबंधित पेटंटच्या अलीकडच्या खटल्यांतही त्याची चर्चा झाली आहे.

नीलसन यांचे पुढे काय झाले?

1846 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. पुढच्या वर्षी त्यांनी गॅस कारखाना सोडला. काही काळ ते ब्यूट बेटावर राहिले, मग कर्कुब्रीशायर परगण्यात क्वीन्सहिल ही जमीन घेऊन स्थायिक झाले. तिथेही गावकऱ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्था उभी केली. 18 जानेवारी 1865 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र वॉल्टर माँटगोमेरी नीलसन यांनी ग्लासगोत रेल्वे इंजिनांचा कारखाना नावारूपाला आणला. ‘नीलसन अँड कंपनी’ची इंजिने भारतातल्या रेल्वेमार्गांवरही धावली.

त्यांच्या हीटरचे पुढचे रूप त्यांच्या हयातीतच आले. बिडाच्या नळ्या फार तापवता येत नव्हत्या. 1857 मध्ये एडवर्ड काउपर यांनी धातूची भिंतच काढून टाकली. विटांनी भरलेला उंच मनोरा आधी आगीने तापवायचा, मग आग बंद करून त्याच विटांमधून हवा न्यायची. दोन मनोरे आळीपाळीने चालवले की गरम हवेचा झोत अखंड मिळतो. पुढे या मनोऱ्यांना भट्टीतून वर येणारा वायूच इंधन म्हणून मिळू लागला. आज अशा मनोऱ्यांमधून 1200 अंश सेल्सिअसच्या आसपासची हवा मिळते. जमशेदपूर असो की गोव्यातील आमोणे, झोतभट्टी आहे तिथे हे हीटर शेजारी उभे असतात.

आज हा आराखडा कसा करतात?

नीलसन यांच्या मृत्यूनंतर या विषयाला गणित मिळाले. 1883 मध्ये मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी नळीतला प्रवाह संथ कधी असतो आणि खळबळता कधी होतो, हे मोजून दाखवले. 1915 मध्ये जर्मन अभियंते विल्हेल्म नुसेल्ट यांनी वेग, व्यास आणि द्रवाचे गुणधर्म यांवरून उष्णता वहनाचा गुणांक काढण्याची रीत दिली. त्यांच्या नावाचा ‘नुसेल्ट अंक’ आज अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी वापरतो.

त्यामुळे आता क्रम ठरलेला आहे. आधी किती उष्णता द्यायची ते काढायचे. मग दोन्ही बाजूंच्या तापमानातला सरासरी फरक. नळीचा व्यास आणि हवेचा वेग धरून गुणांक. त्यावरून क्षेत्रफळ. मग दाब किती खर्च होतो ते तपासायचे, नळीचे तापमान धातूला झेपते का ते पाहायचे, आणि जमले नाही तर व्यास बदलून पुन्हा सुरुवात करायची. नीलसन यांना ज्यासाठी चार-पाच वर्षे आणि तीन हीटर लागले, ते काम संगणकावर दुपारभरात होते.

महाराष्ट्रात याचा संबंध रोजच्या विजेशी येतो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ इथल्या औष्णिक केंद्रांत बॉयलरला जाणारी हवा धुरांड्याकडे निघालेल्या धुराच्या उष्णतेवर आधी तापवली जाते. या यंत्राला एअर प्रीहीटर म्हणतात. बाहेर जाणाऱ्या धुराचे तापमान सुमारे 20 अंशांनी कमी केले की बॉयलरची कार्यक्षमता साधारण एक टक्क्याने वाढते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब आहे. हजारो टन कोळसा रोज जाळणाऱ्या केंद्रात हा एक टक्का फार मोठा असतो.

भट्टीत जाणारी हवा आधी तापवा, हे नीलसन यांचे म्हणणे बरोबर होते. आकाराने फरक पडत नाही, हे त्यांनी कागदावर लिहिले ते चूक होते. पण त्यांनी स्वतः बनवलेला प्रत्येक नवा हीटर आधीच्यापेक्षा वेगळ्या आकाराचा होता आणि जास्त गरम हवा देत होता. थंड हवेच्या समजुतीलाही त्यांनी असेच प्रत्यक्ष तपासून हरवले होते.